बॅस्कमांची जागा

व्हर्नेल बॅस्कम नवऱ्याच्या मयताला रडली नाही, त्यामुळे पिकन फोर्क गावातल्या बायकांना चार महिने पुरेल एवढा विषय मिळाला.

ओथा फेब्रुवारीत गेला. स्वयंपाकघरात, खुर्चीत बसल्या बसल्या, कॉफीचा कप हातात धरून. व्हर्नेलने त्याच्या हातातला कप काढून घेतला, विसळला, पालथा घातला आणि मग फोन केला. हे तिनेच मला सांगितलं, माझ्या पार्लरमध्ये केस धुवायला मान मागे टाकून पडली असताना, आणि तेही पेट्रोलचा भाव सांगावा अशा आवाजात. मी ज्युएलीन प्रुइट. गावातल्या निम्म्या बायकांची डोकी माझ्या हाताखालून जातात. डोकं दुसऱ्याच्या हातात असलं की माणूस सहसा खोटं बोलत नाही.

अंत्यविधीला चर्च गच्च भरलं होतं. पास्टर घसा फोडून बोलले. तीन बायकांना धरून बाहेर न्यावं लागलं, त्यातली एक तर ओथाला धड ओळखतही नव्हती. व्हर्नेल पुढच्या बाकावर ताठ बसून पुठ्ठ्याच्या पंख्याने वारा घेत होती. लोकांनी आठवडाभर तिच्याकडे जेवण पोचवलं, हॅम, मॅकरोनी, केक, आणि तिने ज्याचं भांडं त्याला घासूनपुसून परत केलं. माझं पातेलं परत आलं ते मी दिलं होतं त्याहून स्वच्छ होतं. मला जरा रागच आला.

"दगड झालीये ती," मिस अर्लिन ड्रायरखालून म्हणाल्या. "नाहीतर आधीपासूनच असेल."

मी ड्रायर एक खटका वाढवला.

दगड नव्हती ती, बधिर झाली होती. दात काढायच्या आधी सुई देतात ना, मग ओठ आपलाच असतो, पण चावला गेला तरी कळत नाही, तशी. एकदा मला म्हणाली, "ज्युएल, मी जेवते. झोपते. टोमॅटोला पाणी घालते. मला काही होतच नाहीये. काहीतरी व्हायला हवं ना गं?"

"होईल," मी म्हटलं.

व्हर्नेल मूळची मेफिल्डांच्या घरची. मेफिल्ड म्हणजे ओढ्यापलीकडचे, तोंडाने फटकळ आणि वेळेचे पक्के. ओढ्याला पूर आला तरी रविवारी चर्चमध्ये सगळ्यात आधी येऊन बसायचे आणि मागून येणाऱ्यांच्या बुटांच्या चिखलाकडे बघायचे. अशा घरातल्या पोरीने पुढे शाळेची बस चालवली यात नवल नाही. तीस वर्षं तिने ती पिवळी बस हाकली. फाट्यावर एकदाच हॉर्न वाजायचा. जो आला तो आला. माझा नवरा लाडेल शाळकरी असताना एकदा पायात एकच बूट घालून बसमागे धावला होता आणि तरीही राहिला होता. दुसऱ्या दिवशी तिने दार उघडलं, त्याच्या पायांकडे बघितलं आणि म्हणाली, "आज दोन्ही आहेत. प्रगती आहे."

उशीर या गोष्टीचा तिला मनापासून संताप यायचा, आणि त्यामागे तिचं तत्त्वज्ञान तयार होतं. गुलामगिरी संपल्याचा हुकूम निघाला, त्यानंतर अडीच वर्षांनी तो इथे टेक्सासात आमच्या काळ्या माणसांना कळला. तोवर त्यांनी दुसऱ्याच्या शेतातली कापसाची आणखी दोन पिकं काढून दिली होती. ती बातमी पोचली तो एकोणीस जून. त्या दिवशी आम्ही नाचतो. आणि त्या दिवशी कुणी रेंगाळलं की व्हर्नेलचा आवाज माईकशिवाय साऱ्या मैदानावर घुमायचा, "एकदा उशीर झाला, तेवढा पुरे! कोण अडवतंय?"

नाच होतो जुन्या शाळेच्या जोत्यावर. शाळा आमच्या आज्यांनी वर्गणी काढून बांधली होती. ती जळाली, जोतं राहिलं. आधी भाषणं होतात, शाळेतली एखादी मुलगी तो हुकूम वाचून दाखवते, भट्टीवर भाजलेल्या बरगड्या, म्हणजे रिब्स, आणि कलिंगडं उडतात, लाल सोड्याने पोरांच्या जिभा रंगतात. मग ऊन उतरलं की रांग लागते. बायकांची एक, पुरुषांची एक, समोरासमोर. सुटका झाल्यावर जी घराणी इथे येऊन राहिली ती ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने उभी राहतात. नाव पुकारलं की त्या घरची जोडी मधल्या वाटेने नाचत शेवटापर्यंत जाते, टोकाशी फुटते, बाई उजवीकडे, पुरुष डावीकडे, आणि आपापल्या रांगेमागून परत जागेवर येते. लग्न झालेली बाई नवऱ्याच्या घराण्याच्या जागेवर, बिनलग्नाची बापाच्या. टॉलिव्हर पहिले, बॅस्कम तिसरे, आम्ही प्रुइट चौथे. मेफिल्ड पार शेपटाला.

आणि एखाद्या घराण्याचं कुणीच उरलं नाही तर त्याचं नाव तीनदा पुकारतात. उत्तर आलं नाही की पुढचं घराणं एक पाऊल पुढे सरकतं. बस्स, एवढंच. पण मग ती जागा कायमची बुजते, आणि पुढच्या वर्षापासून ते नाव कुणी पुकारत नाही. गॅफनींची जागा बुजली तेव्हा मी लहान होते. आईने माझे डोळे झाकले होते, जसं काही तिथे कुणी नागडं उभं होतं.

व्हर्नेल आणि ओथाचं जमलं तेही याच रांगेत. ती एकोणीस वर्षांची, शेपटाला बापाच्या जागेवर उभी. बॅस्कमांचं नाव पुकारलं गेलं आणि ओथा जागेवर नाही. तो तिकडे भट्टीपाशी रिब खात होता. "बॅस्कम! कुठे तडफडलात? रांग अडलीये!" असं एका काडीसारख्या पोरीने शेपटावरून ओरडून सांगितलेलं त्या अवाढव्य माणसाने ऐकलं, आणि तो हातातल्या हाडासकट धावत आला. पुढे साऱ्या जन्मात तो दुसऱ्यांदा कधी धावला नाही. लाकडाच्या ट्रकवर कामाला होता. हळू बोलायचा, हळू चालायचा. लग्न झाल्यावर व्हर्नेलने त्याची सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढे केली आणि त्याने ती कधी मागे केली नाहीत. मूलबाळ झालं नाही. त्याचं त्यांना काय वाटलं ते त्यांनी गावाला कळू दिलं नाही.

ओथाला एक गोष्ट मात्र जन्मात जमली नाही. टोकाशी गेल्यावर पुरुषाने डावीकडे वळायचं असतं, तो उजवीकडे वळायचा. दर वर्षी. म्हणजे सरळ व्हर्नेलच्या अंगावर. तिचा डावा खांदा आणि त्याची छाती यांची टक्कर झाली की सगळं मैदान हसायचं. पुढे पुढे ती टोकाशी पोचली की अर्धं पाऊल थांबायची, खांदा आत घ्यायची, हात पुढे धरायची, आणि तो आदळला की म्हणायची, "डावा हात कुठलाय रे तुझा? जेवतोस त्याच्या दुसऱ्या बाजूचा!" आणि तो म्हणायचा, "तिकडे जाऊन काय करू? तू इकडे आहेस." हे उत्तर लाडेलने एकदा माझ्यावर वापरून बघितलं. मी त्याला डावीकडे ढकललं.

तर ओथा गेला. बॅस्कमांच्या घरात आता व्हर्नेलच एकटी उरली, आणि तीही लग्न करून आलेली. ती त्या जागेवर उभी राहिली तर नाव राहणार. नाही राहिली तर बुजणार.

मे महिन्यात तिचा थोरला भाऊ हर्शेल माझ्या दुकानात आला. त्याला केस नाहीत, म्हणजे बोलायलाच आला होता. "मी व्हर्नीला सांगितलंय, आमच्या जागेवर ये. माझी बायको गेली, मुलगी डलासहून येत नाही, माझ्यासमोर कुणी नसतं. बॅस्कम संपले. तिने एकटीने त्या रिकाम्या जागेसमोर उभं राहून काय मिळवायचंय?"

"मग ती काय म्हणाली?"

"म्हणाली, टोमॅटो घेऊन जा."

मग क्लिओटिस आले. ते रांग पुकारतात. त्यांच्या बापाने पुकारली, आजाने पुकारली, आणि त्यामुळे त्यांना वाटतं की मैदान त्यांच्या नावावर आहे. मला म्हणाले, "पोरी, तयारीत राहा. तीनदा पुकारीन. उत्तर नाही आलं तर तू आणि लाडेल एक पाऊल पुढे."

"आणि नाही सरकलो तर?"

"म्हणजे काय? रीत आहे."

"रीत आहे हे मलाही ठाऊक आहे, अंकल क्लिओटिस. पाय माझे आहेत एवढंच सांगते."

अठरा तारखेला व्हर्नेल केसांना आली. मी सरळच विचारलं, "मिस व्हर्नेल, उद्या कुठे उभ्या राहणार?"

"उभी राहते तिथेच. कुठे राहणार?" डोळे मिटलेले होते. थोड्या वेळाने म्हणाली, "पाणी गार आहे का गं? मला कळत नाहीये."

पाणी चांगलं गरम होतं. माझी बोटं लाल झाली होती.

एकोणीसला ती ठरल्या वेळेला आली, इस्त्री केलेला लाल ब्लाउज घालून, डबाभर टी केक घेऊन. दुपारभर सोड्याच्या टेबलाशी उभी राहून तिने पेले भरले. एकही सांडला नाही. लोक येऊन तिला मिठ्या मारत होते आणि ती त्यांच्या पाठीवर थोपटत होती, जसं काही माणूस त्यांचं गेलं होतं. मिस अर्लिननी तर तिच्या गळ्यात पडून रडून घेतलं. व्हर्नेलने त्यांना कागदी रुमाल दिला आणि म्हणाली, "पावडर गेली, गाल पुसा."

ऊन उतरलं. चर्चचाच ड्रमवाला, चर्चचाच ऑर्गनवाला, दोघं जोत्याच्या कडेला बसले आणि रविवारी वाजवायला घाबरतात ते वाजवायला लागले. रांग लागायला लागली. मी आमच्या जागेवर उभी राहिले, समोर लाडेल. माझ्या डाव्या हाताला बॅस्कमांची जागा. तिथे सिमेंटला एक लांब भेग आहे, कुणाला दाखवावी लागत नाही.

आणि मी बघते तर व्हर्नेल माझ्यासमोरून गेली. माझ्याकडे बघून मान हलवली. चालत चालत शेपटाला गेली आणि मेफिल्डांच्या जागेवर जाऊन उभी राहिली. हातांची घडी पोटाशी, पाय जुळवलेले, नेमकी बापाच्या जागेवर. समोर हर्शेल. त्याचा चेहरा असा फुलला की मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. म्हातारा डोळे पुसत होता. बहीण घरी आली होती.

मला राग आला, खरं सांगते. हर्शेलचा नाही, तिचा. काल माझ्या हाताखाली डोकं ठेवून म्हणालीस, उभी राहते तिथेच. पण ज्याचं त्याचं दुःख. चाळीस वर्षं टकरा खाल्लेल्या बाईला शेवटी कुणी आदळणार नाही अशा जागेवर उभं राहावंसं वाटलं, तर मी कोण बोलणार? मेफिल्डांच्या जागेवरून समोर दिसतो भाऊ, आणि तो जिवंत आहे. तिथून बघितलं तर कुणीच गेलेलं नाही.

"टॉलिव्हर!" क्लिओटिसनी पुकारलं. टॉलिव्हर नाचत गेले. दुसरी जोडी गेली.

"बॅस्कम!"

ड्रम वाजत राहिला. मधली वाट रिकामी. लाडेलने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, नाही.

"बॅस्कम!" क्लिओटिसचा आवाज जरा खाली आला. लोक बुटांकडे बघायला लागले. एका आईने पोराला पोटाशी ओढलं. क्लिओटिसनी माझ्याकडे बघून हनुवटी हलवली, तयार राहा. मी भेगेच्या अलीकडे पाय रोवले. तिसऱ्यांदा पुकारलं तरी मी सरकणार नव्हते. त्याने काय झालं असतं, देव जाणे. बहुधा मारामारी.

क्लिओटिसनी तिसऱ्यांदा माईक तोंडाशी नेला, आणि तेवढ्यात शेपटावरून खणखणीत आवाज आला.

"बॅस्कम! कुठे तडफडलात? एकदा उशीर झाला, तेवढा पुरे! कोण अडवतंय रांग?"

व्हर्नेल. मान लांब करून, वैतागून, रांगेबाहेर डोकावून बघत होती. मला आधी वाटलं, ही थट्टा करतेय. मग तिचा चेहरा दिसला. ती खरंच वाट बघत होती. कुणीतरी भट्टीकडून हात पुसत धावत येईल, आणि मग रांग पुढे सरकेल.

तिने त्या जागेची निवड केलीच नव्हती. तिचे पाय तिला एकोणिसाव्या वर्षीच्या जागेवर घेऊन गेले होते, आणि चार महिने तिने पायांवर लक्षच ठेवलं नव्हतं.

ड्रमवाल्याचे हात थांबले. कुणी हसलं नाही. दोन रांगा उभ्या, आणि सगळे तिच्याकडे बघतायत.

"काय झालं?" ती म्हणाली. "हर्शेल, काय झालं? कोण अडवतंय?"

हर्शेलला बोलायचं नव्हतं. तो गप्प राहिला असता तर क्लिओटिसनी तिसऱ्यांदा पुकारलं असतं आणि बहीण त्याची झाली असती. त्याने टोपी काढली.

"तू, व्हर्नी," तो म्हणाला. "बॅस्कम तूच आहेस."

तिने खाली बघितलं, आपल्या बुटांकडे, बुटांखालच्या सिमेंटकडे. मग दोन्ही बाजूंना. "अगंबाई," एवढंच म्हणाली, चुकीच्या घरात शिरल्यासारखं.

मग ती चालायला लागली. बायकांच्या रांगेमागून, एकेकीच्या पाठीमागून, शेपटापासून वरपर्यंत. घाई केली नाही. माझ्या डाव्या हाताला येऊन भेगेवर उभी राहिली. समोर पुरुषांच्या रांगेत लाडेलच्या शेजारी एका माणसाची रिकामी जागा, आणि ती एवढी मोठी दिसत होती की ओथा किती अंगाने होता ते मला त्या दिवशी कळलं. व्हर्नेल त्या जागेकडे बघत होती. चेहऱ्यावर काही नाही. तिचा दंड माझ्या दंडाला लागला, तो गार होता, जूनमध्ये.

"पुकारा," ती क्लिओटिसना म्हणाली.

"बॅस्कम," ते म्हणाले.

"आले."

ड्रम पुन्हा सुरू झाला, हळू. ती मधल्या वाटेने निघाली. पावलं अचूक, दोन पुढे, एक बाजूला, ब्लाउजच्या बाह्या सरळ. डाव्या बाजूला एका माणसाची वाट सोडून चालत होती. चेहरा बस चालवताना असायचा तसा, रस्त्यावर. मी मनात म्हटलं, नाचून परत येईल, पेले भरेल, टेबल पुसेल, आणि घरी जाऊन टोमॅटोला पाणी घालेल. नाव राहिलं, ठीक झालं.

ती टोकाशी पोचली. आणि वळायच्या आधी अर्धं पाऊल थांबली. डावा खांदा आत घेतला. हात पुढे धरला.

वाट बघितली.

ड्रमवाल्याला कळेना काय करावं, तो वाजवत राहिला. ती तशीच उभी, खांदा आत, हात पुढे, मान थोडी वळवलेली, तोंडात बोलणं तयार. मग तिने तो हात हळूच परत आणला आणि डावा खांदा चोळला. त्याला काहीच लागलं नव्हतं. आणि तिचं तोंड वाकडं झालं, लहान पोराचं होतं तसं, आणि व्हर्नेल बॅस्कम रडली. सगळ्या गावासमोर, जोत्याच्या टोकाशी, तोंड न झाकता, जनावरासारखा आवाज काढून. शेजारीच हर्शेल उभा होता. त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला, कारण ती उजवीकडेही वळत नव्हती आणि कुणाला जवळही येऊ देत नव्हती.

पुढचं नाव आमचं होतं. क्लिओटिसनी माईक तोंडाशी नेला आणि खाली घेतला. लाडेल माझ्याकडे बघत होता, मी भेगेकडे. ऊन गेलं, भट्टीवरचं मांस करपल्याचा वास आला, आणि कुणी हललं नाही. रांग अडली होती, चांगला बराच वेळ, आणि व्हर्नेल कुणाला काही म्हणाली नाही.